जुना कीबोर्ड गेला, आता नवा: मराठीत लिहिणाऱ्यांनी तो कसा निवडावा

कीबोर्ड घ्यायला गेलं की बोलणं सुरू होतं ते दिव्यांवर, वायरलेसवर आणि किमतीवर. मराठीत रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याने मात्र सगळ्यात आधी एकाच जागी नजर टाकावी, ती म्हणजे एन्टरच्या डावीकडचा कोपरा. इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या प्रमाण मांडणीत (कोणतं अक्षर कोणत्या बटणावर, याची रचना) ड, च, ट, य आणि ‘डॉक्टर’मधला चंद्रासह काना ही सगळी मंडळी याच कोपऱ्यात, उजव्या करंगळीच्या वाट्याला येतात. इंग्रजीत इथे विरामचिन्हं असतात आणि ती अधूनमधूनच लागतात. त्यामुळे जागा वाचवायची वेळ आली की कंपन्या नेमकी हीच बटणं अरुंद करतात किंवा इकडची तिकडे हलवतात. इंग्रजी लिहिणाऱ्याचं त्याने फारसं बिघडत नाही. आपण मात्र दर दुसऱ्या-तिसऱ्या शब्दाला अडखळतो. म्हणून इथे निवडीचा क्रम नेहमीपेक्षा वेगळा ठेवला आहे: आधी मांडणी, मग आकार, आणि स्विच, वायर, दिवे हे सगळं त्यानंतर.

पहिली पायरी: तो खरंच गेला आहे का?

बरेच धडधाकट कीबोर्ड केवळ सेटिंग बदलल्यामुळे भंगारात जातात. विंडोजमध्ये उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं तर फिल्टर कीज सुरू होतात आणि बटणं पटकन दाबली की उमटेनाशी होतात. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबलं तर स्टिकी कीज विचारणा करतं. चुकून ‘हो’ म्हटलं गेलं की शिफ्ट अडकल्यासारखं वागतं. शिफ्ट-दोन दाबल्यावर ॲटच्या (@) खुणेऐवजी अवतरणचिन्ह येत असेल तर ब्रिटिश मांडणी निवडली गेली आहे, कीबोर्डमध्ये काहीही बिघाड नाही. काही लॅपटॉपांवर नम लॉक लागलं की जे, के, एल दाबल्यावर आकडे येतात.

हे सगळं तपासून झालं की कीबोर्ड दुसऱ्या यूएसबी पोर्टात लावून बघा, मग दुसऱ्या संगणकावर. वायरलेस असेल तर आधी सेल बदला. संगणक सुरू होताना बायोसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात शिरून बाणांची बटणं चालतात का पाहा. तिथे चालत असतील आणि विंडोजमध्ये चालत नसतील तर दोष सॉफ्टवेअरचा आहे. या काळात काम अडू नये म्हणून विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा. विंडोज बटणच गेलं असेल तर सेटिंग्जमधून जा. पडद्यावरचा कीबोर्ड उघडतो.

बिघाडाचं रूपही बरंच सांगून जातं. कीबोर्डच्या पोटात बटणं आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीत जोडलेली असतात. एकच बटण अडखळत असेल तर खाली कचरा किंवा चिकटपणा असतो, आणि तो बहुतेकदा साफ होतो. एकमेकांपासून लांब असलेली चार-सहा बटणं एकदम गेली असतील तर जाळीतली एखादी रेषा तुटलेली असते. साध्या कीबोर्डात या रेषा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यांवर छापलेल्या असतात. चहा सांडला की त्या गंजतात आणि परत जोडणं परवडत नाही. मेकॅनिकल कीबोर्डचं, म्हणजे प्रत्येक बटणाखाली सुटा स्विच असलेल्याचं, तसं नसतं. एक स्विच गेला तर तो काढून दुसरा बसवता येतो, आणि हॉटस्वॅप प्रकारात तर डाग द्यायचीही गरज पडत नाही.

दुसरी पायरी: लॅपटॉपचा असेल तर

लॅपटॉपचा कीबोर्ड घेताना केवळ कंपनी आणि मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच नावाखाली दोन-तीन प्रकारचे कीबोर्ड बसवलेले असतात. तळाच्या लेबलावरचा पूर्ण क्रमांक टिपून घ्या, आणि जुना कीबोर्ड निघाला असेल तर त्याच्या पाठीवरचा भाग क्रमांकही. दुकानदाराला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. जुळवून पाहायच्या गोष्टी अशा: एन्टरचा आकार, चालू-बंद करायचं बटण कीबोर्डवरच आहे का, स्क्रूची भोकं कुठे आहेत, रिबन केबल कोणत्या बाजूने निघते, आणि मागून उजेड असेल तर त्याची वेगळी बारीक रिबन आहे का. उजेडाचा लॅपटॉप असून बिनउजेडाचा कीबोर्ड बसवला तर टायपिंग चालतं. उलट केलं तर दिव्याची रिबन लावायला बोर्डावर जागाच नसण्याची शक्यता असते.

जुन्या लॅपटॉपांत चार-पाच स्क्रू काढले की कीबोर्ड वर येतो. अलीकडच्या बऱ्याच पातळ लॅपटॉपांत तो वरच्या कवचाला प्लास्टिक वितळवून पक्का केलेला असतो, मॅकबुकमध्ये तर कीबोर्ड बदलायचा म्हणजे अधिकृत दुरुस्तीत सहसा वरचं अख्खं कवच बदलतात. असं काम असेल तर ते जाणत्या कारागिराकडेच द्यावं. स्वतः करणार असाल तर बॅटरीची जोडणी आधी काढा, आणि रिबन ओढण्याआधी तिची चिमुकली कडी नखाने उचला. ही कडी तुटली तर खर्च थेट मदरबोर्डापर्यंत जातो.

लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असतो का? मग माझा सल्ला सरळ आहे: आतला बदलण्याच्या भानगडीत पडू नका, बाहेरून एक चांगला कीबोर्ड लावा. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवला की पडदाही डोळ्यांच्या उंचीला येतो आणि मान वाकत नाही. आतलं एखादं बटण आपोआप दाबलं जात असेल तेव्हा मात्र आतला कीबोर्ड डिव्हाइस मॅनेजरमधून बंद करावा लागतो किंवा त्याची रिबन काढून ठेवावी लागते.

तिसरी पायरी: मांडणी

एक गोष्ट आधी मनात पक्की करू. कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही, तो फक्त कोणत्या जागेचं बटण दाबलं तेवढं कळवतो. त्या जागेचं क करायचं की के, हे विंडोज किंवा लिनक्स ठरवतं. म्हणजे मराठीसाठी वेगळं यंत्र लागत नाही. कोणत्याही कीबोर्डवर सेटिंग्जमध्ये मराठी जोडलं की विंडोज आणि स्पेस दाबून भाषा बदलता येते. बटणांवर देवनागरी छापलेली असणं ही शिकणाऱ्यासाठी सोय आहे, अट नाही. जागा मात्र सगळं ठरवते, कारण बोटं जागा लक्षात ठेवतात.

इन्स्क्रिप्ट ही मांडणी १९९१ च्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात नोंदलेली आहे. भारतीय लिप्यांसाठी ती एकच आहे: क जिथे मराठीत, तिथेच बंगालीत आणि कन्नडात. बहुतेक स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. आता तिच्यातल्या या तीन गोष्टी कीबोर्ड निवडताना उपयोगी पडतात.

पहिली, वर सांगितलेला कोपरा. सेमीकोलनवर च, त्याच्या शेजारच्या अवतरणचिन्हावर ट, डाव्या चौकटी कंसावर ड, तिरप्या रेघेवर य, आणि बॅकस्लॅशवर चंद्रासह काना. ही पाचही बटणं पूर्ण रुंदीची आणि नेहमीच्या जागी हवीत. बॅकस्लॅश तर हमखास भरकटतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या अमेरिकी पद्धतीच्या कीबोर्डात ते एन्टरच्या वर, आडवं आणि रुंद असतं. युरोपीय पद्धतीत एन्टर उभं, उलट्या एलच्या आकाराचं असतं आणि ते बटण खाली सरकून ट-च्या शेजारी येऊन बसतं. लंडनहून किंवा म्युनिकहून कोणी कीबोर्ड आणला असेल तर ‘ऑफिस’, ‘कॉलेज’, ‘डॉक्टर’ लिहिताना करंगळी जुन्या सवयीने वर जाते आणि तिथे एन्टर असतं. तिकडेच राहणाऱ्यांनी अमेरिकी मांडणीचा कीबोर्ड मुद्दाम मागवावा. तिथल्या दुकानांतही तो मिळतो.

दुसरी गोष्ट शिफ्ट. मराठीत शिफ्टचा वापर इंग्रजीच्या कितीतरी पट होतो. ख, घ, छ, झ, ठ, थ, ध, फ, भ, श, ळ हे सगळे उजव्या हाताचे, त्यामुळे त्यांच्यासाठी डावं शिफ्ट. अ, आ, इ, ई, उ, ए, ओ हे सुटे स्वर आणि ण हे डाव्या हाताचे, म्हणजे त्यांच्यासाठी उजवं शिफ्ट. युरोपीय पद्धतीत डावं शिफ्ट कापून त्याच्या शेजारी एक जादा बटण घातलेलं असतं. छोट्या कीबोर्डांत वरचा बाण बसवायला उजवं शिफ्ट कापतात. आखूड डाव्या शिफ्टने ख आणि घ चुकतात, आखूड उजव्याने ‘आई’ लिहिताना बाण दाबला जाऊन कर्सर वरच्या ओळीत जातो. दोन्ही शिफ्ट लांब असलेला कीबोर्ड घ्या. ही अट मी कुणालाही सोडू देणार नाही.

तिसरी, डिलीट आणि बाणांची बटणं. विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी बॅकस्पेस शेवटची मात्रा किंवा हलन्त तेवढा खोडतो, तर डिलीट पुढचं अख्खं जोडाक्षर नेतो. मुद्रितशोधन करणाऱ्याला ही दोन्ही वागणुकी सतत लागतात. डिलीटसाठी प्रत्येक वेळी एफएन (Fn) हे जोडबटण धरावं लागत असेल तर ते काम नकोसं होतं.

रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर, हात बसलेला असेल तर तीही जवळजवळ सगळी बटणं वापरते, तेव्हा हेच निकष लागू. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० शब्द प्रति मिनिटाची तयारी करणाऱ्यांनी मात्र परीक्षेला कोणती मांडणी आहे हे आधी संस्थेत विचारावं आणि सरावाला तिथल्यासारखाच पूर्ण आकाराचा कीबोर्ड घ्यावा. रोमन अक्षरांत उच्चार टंकून मराठी उमटवणाऱ्यांना या सगळ्याची फारशी झळ नाही. त्यांनी चौथ्या पायरीवर जावं.

रुपयाच्या चिन्हाचंही इथेच सांगतो. भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक कीबोर्डांवर चारच्या बटणावर ₹ छापलेलं असतं, पण ते उमटण्यासाठी विंडोजमध्ये इंग्रजीची भारतीय मांडणी निवडलेली हवी. मग उजवं ऑल्ट आणि चार. छापील खूण नसलेल्या कीबोर्डवरही ते तसंच उमटतं, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

चौथी पायरी: आकार

पूर्ण आकाराचा कीबोर्ड १०४ बटणांचा, साधारण ४४-४५ सेंटिमीटर रुंद. नंबरपॅड काढलेला ८७ बटणांचा, साधारण ३६ सेंटिमीटर. त्याहून लहान ६१ बटणांच्या प्रकारात वरची एफ-वनपासूनची ओळ नाही आणि बाणही नाहीत. मराठी मजकुराच्या कामाला तो मी सुचवणार नाही.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांनी पूर्ण आकारच घ्यावा. आकडे नंबरपॅडवर, आणि व्हाउचर एफ-४ ते एफ-९ वर: पेमेंटला एफ-५, रिसीटला एफ-६, सेल्सला एफ-८. काही कीबोर्डांवर ही ओळ आवाज आणि उजेड कमी-जास्त करण्यासाठी राखून ठेवलेली असते आणि एफ-५ साठी एफएन धरावं लागतं. तिथे एफएन लॉक आहे का ते विचारा, नसेल तर तो कीबोर्ड बाजूला ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत डीटीपी करणाऱ्यांनाही नंबरपॅड हवाच, कारण काही चिन्हं ऑल्ट धरून त्याच्यावर आकडे दाबून आणावी लागतात.

बाकीच्यांनी नंबरपॅडशिवायचा कीबोर्ड गंभीरपणे विचारात घ्यावा. नंबरपॅड माऊसला उजवीकडे आठ-नऊ सेंटिमीटर ढकलतो आणि दिवसभर हात त्या अंतरावर ताणलेला राहतो. खांदा दुखत असेल तर हे अंतर कमी करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

एक मोजमाप बरोबर ठेवा. क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या उजव्या कडेपर्यंत अंतर साधारण १९ सेंटिमीटर भरायला हवं, कारण प्रमाण कीबोर्डात शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांत १९.०५ मिलिमीटर असतात. १७ भरलं तर बटणं आखडलेली आहेत.

पाचवी पायरी: बटणाखाली काय आहे

स्वस्त कीबोर्डात बटणाखाली रबराची घुमटी असते. ती दबली की खालचे पत्रे एकमेकांना टेकतात. उमटण्यासाठी बटण जवळजवळ तळापर्यंत दाबावं लागतं आणि काही वर्षांत रबर मऊ पडतं. लॅपटॉपसारख्या चपट्या कीबोर्डात त्याच घुमटीवर कात्रीसारखी प्लास्टिकची जोडणी असते. ती बटण कडेला दाबलं तरी सरळ खाली नेते. करंगळीने कडेकडेची बटणं दाबणाऱ्या मराठी हाताला हे मानवतं.

मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतःचा स्प्रिंगवाला स्विच असतो. यातलं मूळ नाव जर्मनीच्या चेरी कंपनीचं. तिच्या एमएक्स स्विचचं पेटंट २०१४ च्या सुमारास संपलं आणि गेटरॉन, काइल, औटेमू अशा चिनी कंपन्यांचे स्विच स्वस्तात येऊ लागले. रंगांची भाषाही चेरीचीच: लाल म्हणजे सरळ, कुठेही न अडखळता खाली जाणारा; तपकिरी म्हणजे मध्ये एक हलका उंचवटा जाणवणारा; निळा म्हणजे उंचवटा आणि टक्‌ आवाज. चेरीचा लाल ४ मिलिमीटरच्या प्रवासात २ मिलिमीटरवरच उमटतो, म्हणजे तळापर्यंत आदळायची गरज नसते. बोटांच्या सांध्यांना दिवसअखेर फरक जाणवतो तो इथे.

टीव्हीएस गोल्ड हा आपल्या सरकारी कचेऱ्यांत, बँकांत, टायपिंगच्या संस्थांत वर्षानुवर्षं वाजत आलेला कीबोर्ड निळ्या जातीचा. टाइपरायटरवर शिकलेल्यांना तो फार आवडतो, कारण प्रत्येक अक्षर लागल्याची पावती कानाला मिळते. पण एका खोलीत कुणी झोपलेलं असेल, कुणाची ऑनलाइन मीटिंग चालू असेल, तर निळा घेऊ नका. घरी रोज तीन-चार तास लिहिणाऱ्याला मी तपकिरी सुचवेन. लाल वेगवान आहे, मात्र बोट नुसतं टेकवायची सवय असणाऱ्यांच्या लिखाणात नको ती अक्षरं शिरतात. रोज अर्धा-पाऊण तासाचं काम असेल तर कशासाठी एवढा खर्च? डेल केबी-२१६ किंवा लॉजिटेक के-१२० सारखा साधा, पूर्ण आकाराचा, वायरचा कीबोर्ड भरपूर झाला. हे साधारण पाचशे ते हजार रुपयांच्या घरात मिळतात. बरा मेकॅनिकल दोन-तीन हजारांपासून पुढे.

सहावी पायरी: जोडणी

टेबलावरच्या संगणकाला वायर. सेल नाहीत, जोडणी तुटणं नाही, बायोसमध्येही चालतो. जुन्या संगणकाला जांभळं गोल पीएस-२ छिद्र असेल तरी आज यूएसबीच घ्या.

वायरलेसमध्ये दोन जाती. एक यूएसबीत खुपसायच्या छोट्या डोंगलची, दुसरी ब्लूटूथची. डोंगलचा कीबोर्ड लावला की चालतो, पण डोंगल हरवला तर अनेकदा कीबोर्डच निकामी होतो. ब्लूटूथचे अनेक कीबोर्ड लॅपटॉप, टॅबलेट, फोन अशा तिघांशी जोडून ठेवता येतात, मात्र विंडोज सुरू होईपर्यंत ते बहुधा मुके असतात. डोंगल यूएसबी-३ च्या पोर्टाशेजारी, विशेषतः तिथे हार्ड डिस्क लावलेली असताना, अक्षरं गाळू लागतो, कारण यूएसबी-३ चा गोंगाट त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल पुढे आणला की बहुतेकदा भागतं.

एक इशारा कळकळीने. २०१६ मध्ये बॅस्टिल या सुरक्षा संशोधन कंपनीने दाखवून दिलं की अनेक स्वस्त वायरलेस कीबोर्ड दाबलेली बटणं सांकेतिक रूपात न बदलता (म्हणजे एन्क्रिप्शनशिवाय), उघडीच हवेत सोडतात. बँकेचा पासवर्ड ज्यावर टंकायचा तो कीबोर्ड अनोळखी नावाचा, डोंगलचा आणि अगदी स्वस्त असू नये. खोक्यावर एन्क्रिप्शनचा उल्लेख शोधा, नाहीतर वायर घ्या.

मॅकवाल्यांना विंडोजचा कीबोर्ड चालतो. ऑल्ट आणि विंडोज बटणांच्या जागा उलट लागतात, त्या सेटिंग्जमध्ये बदलता येतात.

सातवी पायरी: हात लावून बघा

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात एखाद्या संगणकाच्या दुकानात जाऊन घेण्याचा मोठा फायदा म्हणजे बोटं ठेवून बघता येतात. खोकं उघडून एखाद्या संगणकाला लावायला सांगा, मराठी इन्स्क्रिप्ट जोडा आणि हे वाक्य लिहा: ‘दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं औषध घेतलं.’ यात कोपऱ्यातली सगळी बटणं आणि दोन्ही शिफ्ट येतात. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य शिफ्ट-जे, मग डी, मग तिरप्या रेघेने उमटतो. खाली न बघता वाक्य तीनदा लिहून पाहा, चूक प्रत्येक वेळी एकाच अक्षराला होत असेल तर ते बटण तुमच्या हाताला बसत नाही.

मग स्पेसबार, एन्टर आणि दोन्ही शिफ्ट यांच्या टोकांवर दाबा. टोकाला दाबल्यावर अडकतात किंवा खडखडतात का ते बघा, लांब बटणांची बनावट तिथे उघडी पडते. एफ आणि जेवरचे उंचवटे बोटाला स्पष्ट लागले पाहिजेत. छपाईवर नख फिरवा: वरवर छापलेली अक्षरं वर्षभरात पुसतात, बटणाच्या प्लास्टिकमध्येच दुसऱ्या रंगाच्या प्लास्टिकने घडवलेली कधीच पुसत नाहीत. एबीएस प्लास्टिक वापरून तुळतुळीत होतं, पीबीटी जास्त टिकतं. देवनागरी स्टिकर लावणार असाल तर बटणांचा माथा सपाट हवा आणि उजेड नको, कारण स्टिकर तो झाकतो.

ऑनलाइन घेताना फोटो मोठा करून एन्टर, बॅकस्लॅश आणि दोन्ही शिफ्ट बघा. फोटो वरून काढलेला नसेल तर खरेदी थांबवा.

घरी आल्यावर

परत करण्याची मुदत संपण्याआधी एकेक बटण, शिफ्टसह आणि शिफ्टशिवाय, तपासून घ्या. बिल आणि खोकं जपून ठेवा, वॉरंटीसाठी अनुक्रमांक दोन्हीवर लागतो. मागचे पाय उघडून कीबोर्ड तिरका करायची बहुतेकांना सवय असते. ते मिटलेलेच ठेवा, कारण उघडले की मनगट वर वाकतं. कोपर साधारण काटकोनात आणि मनगट सरळ राहील इतक्या उंचीवर कीबोर्ड असावा. टेबल उंच असेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा.

पाणी किंवा चहा सांडला तर क्षणभरही न थांबता वायर उपटा, वायरलेस असेल तर सेल काढा, कीबोर्ड उलटा धरून निथळू द्या आणि पूर्ण वाळेपर्यंत, निदान दोन दिवस, परत लावू नका. साखरेचा चहा असेल तर बटणं काढून ओल्या फडक्याने पुसल्याशिवाय चिकटपणा जात नाही. जुना कीबोर्ड ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्यावा. त्याआधी त्याची चांगली बटणं आणि मेकॅनिकल असेल तर चार-दोन स्विच काढून ठेवले, तर पुढे नव्यातलं एखादं निखळल्यावर जुळतात का ते पाहता येतं.